पिवळ्याचा हिशेब : एक खुडूक कोंबडी आणि समोरचा डोंगर

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

वही पुतणीची, अक्षर माझे. सहावीत आहे, तिला शाळेसाठी काहीतरी 'निरीक्षण' करायचे आहे. मला खुराडे दुरुस्त करायचे आहे. दोन्ही कामे एकाच वहीत.

जागा : भोर तालुका, हिरडस मावळ. घरासमोर भाताची खाचरे, आता नुसती धसकटे. मागे डोंगर. कोंबड्या चार, सगळ्या गावठी : कवडी (अंगावर ठिपके), तांबडी, काळी आणि उघड्या मानेची. कोंबडा एक.

दरवर्षी टेम्पोवाल्याकडून पिल्ले घेतो. यंदा नाही. जानेवारीत उदगीरला कावळे मरून पडले आणि बर्ड फ्लू निघाला, मग उरणकडेही निघाला. आईने तेव्हाच सांगून टाकले, बाहेरचे एक पीसही अंगणात येणार नाही. म्हणजे घरचीच कोंबडी अंड्यांवर बसवायची. कोणती आणि कधी, हे कोंबडीच्या मर्जीवर.

सकाळी आमलेट करताना पुतणीने प्रश्न काढला. "काका, दिवाळीत बलक कसला केशरी होता. आता असा पांढरट का?" मी म्हटले, उन्हाळा. ती म्हणाली, पण डोंगरावर तर आत्ताच सगळी फुले आहेत. खरे आहे. पळस पेटलाय, काटेसावरीचा बहर संपत आलाय, आणि ताटातले अंडे मात्र आजाऱ्यासारखे. हाच तिचा प्रकल्प ठरला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

खुराड्याची खालची फळी कुजली होती, बदलली. जाळी बारीक घातली. मोठ्या भोकातून मुंगूस मान घालतो आणि आतली कोंबडी बाहेर ओढू पाहतो. भिंतींना आतून चुना. फटींत पिसवा होत्या, कोपरापर्यंत चढल्या. रात्रभर खाजवत होतो.

पुतणीने रंगपट्टी केली. आठ चौकोन, रंगीत खडूने. १ म्हणजे पेजेवर हळदीचे बोट लागले एवढे, ८ म्हणजे झेंडू. आजचे अंडे : २. तिच्या मते २, माझ्या मते दीड. तिचे लिहिले.

२ मार्च, रविवार

दोघे डोंगराच्या निम्म्यापर्यंत गेलो. फुललेले : पळस (भरात), पांगारा (नुकता), धायटी, करवंद (पांढरी फुले, वास चांगला), आणि कड्याच्या तोंडाशी गणेर. गणेराच्या झाडावर पान एक नाही आणि फुले तळहाताएवढी पिवळीधमक. पुतणीने लगेच गुन्हेगार पकडला : कोंबड्यांना ही फुले घालायची.

खाली पडलेली गणेराची सहा आणि पळसाची ओंजळभर फुले आणली. अंगणात टाकली. काळीने एक पाकळी उचलली, झटकली, टाकली. तांबडीने पळसाच्या फुलातल्या मुंग्या वेचून खाल्ल्या आणि फूल पायाखाली घेतले. कोंबड्यांचा फुलांशी संबंध संपला.

तसेही पळसाने काही झाले नसते. त्याचा रंग पाण्यात उतरतो, कापडावर चढतो, धुळवडीला चालतो. बलकात उतरत नाही. बलक रंगतो तो वेगळ्याच द्रव्याने, ल्युटीन आणि त्याची भावंडे. कोंबडी ती स्वतः तयार करू शकत नाही, खाण्यातूनच मिळवावी लागतात. ती असतात हिरव्या पानांत, पिवळ्या मक्यात, झेंडूत. पानात पिवळे असते, पण हिरव्याखाली झाकलेले. हे पुतणीला पटायला वेळ लागला. "म्हणजे पिवळ्या फुलापेक्षा हिरवे गवत जास्त पिवळे?" कोंबडीपुरते तरी, हो.

आता दिवाळीचे कोडे सुटते. तेव्हा बांधावर गवत हिरवे होते. आता ते वाळले आणि आम्ही घालतो तांदळाची कणी. मावळात दुसरे काय घालणार? कणी पांढरी, बलक पांढरा.

४ मार्च, मंगळवार

कवडीने शेवटचे अंडे दिले असावे. दुपारी जागेवरून उठेना.

५ मार्च, बुधवार

खुडूक, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसलेली. नक्की. जवळ गेले की पिसे फुगवून कुईं करते आणि मनगटाला चोच मारते. खाली अंडे नाही, तरी रिकाम्या पेंढ्यावर बसून आहे. वजन : १ किलो ४८० ग्रॅम (ताणकाटा, पिशवीत घालून. तिला हे आवडले नाही).

शेजारच्या मावशींना बोलावले. त्यांनी पोटाखाली हात घातला, पोटाची पिसे गळालीत का पाहिले आणि निकाल दिला : "बसंल ही. पर दोन दिस थांब. कच्ची खुडूक आसंल तर उठून जाती."

८ मार्च, शनिवार

अंडी १३. आठवड्याच्या आतली, थंड जागेत ठेवलेली. सगळी मिसळ : कवडीची, काळीची, तांबडीची. मावशी म्हणाल्या, "जोडीनं नको ठिवूस. तेरा, न्हाईतर अकरा." कारण विचारले तर "तसंच अस्तंय." त्यांनीच टोपलीत कोळशाचा खडा आणि मोडक्या विळ्याचा तुकडा ठेवला, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. मार्चमध्ये वीज कुठली, पण ठेवला. कोळशाचा एक उपयोग मला सापडला : प्रत्येक अंड्यावर फुली मारली. दुसरी कोंबडी येऊन मध्येच अंडे घालून गेली तर बिनफुलीचे ओळखू येईल.

टोपलीत तळाला राख, वर पेंढा, पेंढ्यात निरगुडीचा पाला, उवांसाठी. दिवस मावळल्यावर कवडीला उचलून बसवले. रात्री बसवलेली कोंबडी बिचकत नाही. तिने पायांनी अंडी पोटाखाली ओढून घेतली, एकेक, घरची भांडी लावावीत तशी.

२१ दिवस मोजले तर २९ मार्च. दुसऱ्या दिवशी पाडवा.

९ मार्च, रविवार

दुसरा प्रयोग सुरू. वरच्या आळीत विहिरीवर लसूणघास आहे. दुभत्या गाईसाठी लावलेला, रोज एक पेंढी द्यायचे कबूल झाले. तांबडीला सकाळी डालग्याखाली वेगळे ठेवून घास चिरून घालायचा. काळीला नेहमीची कणी. बाकी दिवस दोघी मोकळ्या. शास्त्रज्ञ हसतील. आमच्याकडे डालगे एकच आहे.

पुतणीला माळ्यावर दसऱ्याचे वाळलेले तोरण सापडले. झेंडू! कल्पना चांगली, कोंबड्यांच्या खाद्यात झेंडूचा अर्क घालून बलक रंगवणारे कारखाने आहेतच. पण ती फुले बाजारातली, त्यांवर काय फवारले होते कोण जाणे. नको म्हटले. रुसली.

१३ मार्च, गुरुवार. होळी

पुरणाचा वास घरभर, कवडी जागेवर. दिवसातून एकदा उठते, साधारण साडेदहाला. पंधरा मिनिटांत सगळे : दाणे, पाणी, एकच भलीमोठी दुर्गंधी विष्ठा, आणि राखेत लोळण. मग धावत परत. बाकीच्या कोंबड्या तिला टोचायला बघतात, तशी ती तुरा ताठ करून कुणालाही न जुमानता मधून जाते.

बलक : तांबडी २, काळी २. घासाचा अजून काही परिणाम नाही.

होळीत कुणीतरी पळसाची ओली फांदी टाकली होती. आई त्याच्यावर ओरडली.

१५ मार्च, शनिवार

सातवी रात्र. अंडी उजेडापुढे धरून पाहिली. पुठ्ठ्याच्या नळीला मोबाइलची बॅटरी लावली, दिवे घालवले. जिवंत अंड्यात लालसर कोळी दिसतो : मध्ये ठिपका, चहूकडे शिरा. पुतणीने पहिले पाहिले आणि श्वास रोखून धरला. त्यातला ठिपका हलला.

१३ पैकी २ वांझ, आत नुसता उजेड. १ मध्ये रक्ताची कडी, म्हणजे सुरू होऊन मेलेले. ती तिन्ही काढली. राहिली १०. मावशींना सांगितले नाही. दहा म्हणजे जोडी झाली.

१६ मार्च, रविवार

अंजनी फुलली. नाल्याच्या वरच्या अंगाला पाच-सहा झुडपे आहेत, फांद्यांनाच जांभळ्या-निळ्या फुलांचे झुबके चिकटलेले, जणू कुणी खोडाला शाई शिंपडली. त्यांच्याच शेजारी कुसरीच्या वेलाला पांढरी फुले. दोन्ही नोंदली, पुतणीने चित्रे काढली.

परत येताना रानकोंबडा ओरडला. गावठी कोंबड्याची बांग लांबते. याची तुटक, घाईतली. आपल्या सह्याद्रीतला हा राखी रानकोंबडा. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज हा नव्हे, तो तांबडा रानकोंबडा. पण २००८ साली एका संशोधनात निघाले की कोंबड्यांची पिवळी कातडी, पिवळे पाय, यांमागचे जनुक या राखीकडून आले. पांढऱ्या पायाची कोंबडीही तेच गवत खाते, पण तिच्या कातडीत ते पिवळे साठत नाही, मोडून जाते. पिवळ्या पायाच्या कोंबडीत ते साठून राहते. म्हणजे पायातला पिवळा आणि बलकातला पिवळा एकच, आणि दोन्ही पाल्यातून आलेले.

आणि यावरून जुनी कोंबडीवाली माणसे अंड्यावरची कोंबडी ओळखतात. कोंबडी अंडी देत राहिली की पिवळा सगळा बलकाकडे जातो. चोच फिकी पडते, मग पाय. अंडी थांबली की हळूहळू परत भरतो. घरी येऊन कवडीचे पाय पाहिले. हाडासारखे पांढरट. दोन महिने अंडी दिलीत बाईंनी. आता उबवणीचे २१ दिवस अंडी नाहीत, तर पाहू, पिवळा परत येतो का. तिसरा प्रयोग.

१८ मार्च, मंगळवार

बलक : तांबडी ५, काळी २. पुतणी वाडीभर सांगत सुटली. नवव्या दिवशी फरक उघड्या डोळ्यांना दिसतो आहे. बलक थरावर थर चढत तयार होतो आणि त्याला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून उशीर.

२० मार्च, गुरुवार

वणवा.

साडेसातला मागच्या दांडावर उजेड दिसला. आधी वाटले चंद्र, पण चंद्र असा सरकत नाही. गवत कुणी पेटवले कळले नाही, दरवर्षी कळत नाही. जाळले की पुढच्या वर्षी गवत जोमाने येते, हा समज. वारा खाली आमच्याकडे होता.

आम्ही नऊ जण गेलो. पाणी नेण्यात अर्थ नसतो, कुठवर नेणार. हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपायची आणि पुढे गवत खरवडून पट्टा मोकळा करायचा. मार्चमध्ये डोंगरावर हिरवी पाने असतात कुणाला? जांभळीला. आणि अंजनीला. मी विळा घेऊन त्याच अंजनींपाशी पोचलो आणि फुलांनी लगडलेल्या फांद्या सपासप तोडल्या. चार दिवसांपूर्वी वहीत उतरवलेल्या. तेव्हा काही वाटले नाही. झोडपताना निळी फुले ठिणग्यांसारखी उडत होती तेवढे लक्षात आहे.

रात्री सव्वाअकराला आग नाल्यावर अडली. करवंदीच्या जाळ्या गेल्या. यंदा त्या उतारावर करवंद नाही. टिटवी रात्रभर ओरडत होती, तिची अंडी उघड्या माळावरच असतात.

घरी आलो तर अंगणात धूर बसलेला. बाकीच्या कोंबड्या खुराड्यातून उडून गोठ्याच्या आढ्यावर. कवडी टोपलीत. डोळे मिटलेले, चोच उघडी, धापा टाकत होती, पण बसलेली. आईने टोपलीवर ओले पोते आडवे टांगले होते आणि स्वतः शेजारी पाट टाकून बसली होती.

२१ मार्च, शुक्रवार

एक अंडे फुटलेले. रात्री धुरात कवडी घाबरून हलली असेल, किंवा पोते बांधताना धक्का लागला. आत पिल्लू होते, पिसे आलेले. पुतणीला दाखवले नाही. तिने विचारले, मी सांगितले. राहिली ९.

रानकोंबडा ओरडला नाही.

२३ मार्च, रविवार

जळलेल्या उतारावर गेलो. राख अजून कोमट. पळसाला काही झालेले नाही, बुंधा काळा आणि वर फुले. त्यावर पोपट आणि भोरड्यांचा गोंधळ, जसे काही घडलेच नाही. गणेराची खालची फांदी होरपळली. अंजनींचे मी केलेले खुंट उभे आहेत. फुटतील असे मावशी म्हणतात.

बांधावर पिवळा धोतरा फुलला आहे, तो मात्र उपटून टाकला. मूळचा अमेरिकेतला, बी मोहरीसारखे दिसते आणि विषारी. अंगणाजवळ नको.

२६ मार्च, बुधवार

अठरावा दिवस. आतापासून अंड्यांना हात लावायचा नाही. ऊन कडक, कोरडेपणा फार. टोपलीभोवती ओले फडके फिरवतो.

सकाळी नाल्याच्या पलीकडून रानकोंबडा ओरडला. पुतणी दात घासता घासता पळत आली सांगायला.

२८ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी अंड्यातून आवाज. कवडी हळू कुडकुडते, आतून चीं येते. मी आणि पुतणी गोठ्याच्या दाराशी बसलो, बोललो नाही. आई जेवायला तीनदा हाक मारून थकली.

२९ मार्च, शनिवार

पहाटे ४ पिल्ले. दुपारपर्यंत ७. संध्याकाळी आठवे. चोचीच्या टोकावर पांढरा खडा असतो, त्याने कवच कोरत गोल फिरतात. एक-दोन दिवसांत तो गळून जातो. नववे अंडे गप्प.

पुतणी कणी बारीक करून बसली होती. खाणार नाहीत म्हटले. बाहेर यायच्या आधी उरलेला बलक पोटात ओढून घेतलेला असतो, त्यावर एक-दोन दिवस निघतात. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "म्हणजे काळीच्या अंड्यातल्याला २ नंबरचा डबा मिळाला?" हो. आणि तांबडीच्यालाही २ नंबरचाच. ती अंडी घासाच्या आधीची. तिला हे अन्यायाचे वाटले.

कवडीचे वजन : १ किलो २१० ग्रॅम. पाय अजून पांढरट. चोचीच्या मुळाशी पिवळे आले आहे की मला तसे वाटते आहे, ठरत नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा

नववे अंडे उघडले. पूर्ण वाढलेले, मेलेले. परसात पुरले.

गुढीला गाठी, कडुनिंब, आणि पुतणीने जळलेल्या उताराकडची कुसरीची फुले. कवडीने पिल्ले बाहेर काढली. पाच जणांचे पाय पिवळसर, तिघांचे काळपट.

५ एप्रिल, शनिवार

लासोटाची लस, मानमोडीवरची (राणीखेत रोग). मानमोडी एकदा आली की वाडीतल्या कोंबड्या दोन-चार दिवसांत साफ होतात, हे सगळ्यांनी पाहिले आहे. अडचण अशी की कुपी शंभर पिल्लांची, आणि एकदा पातळ केली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. आपली आठ पिल्ले. गेली कितीतरी वर्षे याच कारणाने कुणीच लस देत नाही.

पुतणी आणि तिच्या दोन मैत्रिणी काल घरोघर जाऊन मोजणी करून आल्या : लहान पिल्ले ६१. सकाळी भोरहून कुपी थर्मासात बर्फ घालून आणली. नऊ वाजता अंगणात सगळी वाडी, टोपल्या, पाट्या, एकाने चक्क प्रेशर कुकर आणला होता, शिटी काढलेला. प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब. मी थेंब टाकायचा, पुतणी धरायची, मावशी मोजायच्या. दहा चाळीसला संपले. मावशींचे मोजमाप ६१ भरले, पुतणीचे ६२. म्हणजे कुणाला तरी दोनदा मिळाली.

९ एप्रिल, बुधवार

शिक्रा. एक पिल्लू नेले. कवडी हवेत माझ्या कमरेएवढी उडाली होती. राहिली ७.

१४ एप्रिल, सोमवार

बहावा फुलायला लागला, देवळापाशी. वाडीत म्हणतात, बहावा फुलला की दीड महिन्याने पाऊस. पुतणीने तारीख लिहून ठेवली. बहाव्याची फुले कोंबड्यांना घालून पाहू का, असे तिने आता विचारलेसुद्धा नाही.

बलक : तांबडी ७. काळी ३, कारण घासाच्या उरलेल्या काड्या ती चोरते.

१९ एप्रिल, शनिवार

कवडीच्या चोचीचे मूळ पिवळे झाले. आता वाटण्याचा प्रश्न नाही, आईलाही दिसले. पाय तसेच. पिल्लांबरोबर तीही घास खाते आहे.

अंजनीच्या खुंटांना डोळे फुटले आहेत, तांबूस.

तांबडीचे अंडे आज नाही. काल नव्हते. दुपारी पाहिले तर माळ्याच्या कोपऱ्यात दसऱ्याच्या तोरणावर बसली होती, फुगून. हात नेला तर कुईं केले. घासाची पेंढी पुढे ठेवली, तिच्याकडे पाहिले नाही. पुतणी टोपली शोधायला गेली आहे. मावशींना निरोप धाडला.